तोरेमुदाचा राहिलेला ठोका

तोरेमुदा,
शुक्रवार, ३ जानेवारी १९९७

प्रिय पेत्राताईस,

धाकट्या इलारियोचा वाकून नमस्कार. (पाकिटावर तुझं मठातलं लांबलचक नाव व्यवस्थित घातलं आहे. शेवटी शेवटी जागा पुरली नाही म्हणून एखादा संत गळला असेल, तर माझ्या वतीनं तू त्याची क्षमा मागून टाक. आत मात्र तू पेत्राताईच.) तुझे गुडघे कसे आहेत? इथे रात्रीचं पाणी घागरीत गोठतं, त्यावरून तुमच्या मठातल्या फरशीची कल्पना येते. देवाला उभ्यानं केलेली प्रार्थनाही ऐकू जात असावी असं माझं प्रामाणिक मत आहे, पण मी पडलो पंचायतीचा शिपाई, माझ्या मताला तुमच्या मदर सुपिरियर काय किंमत देणार! तू पाठवलेले बदामाचे लाडू नाताळच्या आधीच पोचले आणि नाताळच्या आधीच संपले. माझी तब्येत ठणठणीत आहे. फक्त उजवा खांदा दुखतो. आणि तो का दुखतो हे सांगायला बसलो की सगळंच सांगावं लागतं, म्हणून हे पत्र.

दुसरं कारण असं, की मठाच्या भिंती कितीही उंच असल्या तरी बातमीला शिडी लागत नाही. ‘इलारियोनं अख्ख्या गावाचं वर्ष अडकवून ठेवलं’ असं एव्हाना तुझ्या कानावर आलंही असेल. ते तितकंसं खरं नाही. निदान सगळंच्या सगळं माझ्या अंगावर ढकलण्यासारखं तरी नाही. तू मला लहानपणी दाराआड लपलेला ओळखायचीस, तशी आता नीट ओळखून वाच आणि मग काय तो निवाडा दे.

सुरुवात लाल चड्डीपासून होते. (तू संन्यासिनी आहेस हे माझ्या लक्षात आहे. तुला वाटलं तर पुढच्या दहा ओळी डोळे मिटून वाच.) तू घर सोडलंस तेव्हाही ही रीत होतीच, की वर्षाच्या शेवटच्या दिवशी आतून काहीतरी लाल असावं, आणि ते दुसऱ्या कुणीतरी दिलेलं असावं. बेनिता होती तोवर मला कधी विचारही करावा लागला नाही. डिसेंबर आला की उशाशी पुडी असायची. ती जाऊन सहा वर्षं झाली, आणि सहा वर्षं मी वर्षाअखेरीला करड्या रंगात आहे. विधुराला लाल चड्डी कोण देणार, सांग! बहीण मठात, मूलबाळ नाही, आणि सरपंच लेओकादियाबाईंकडून अपेक्षा करावी असा हा विषय नाही. तेव्हा बावीस डिसेंबरला सकाळी, सगळं गाव रेडिओला कान लावून नाताळच्या सोडतीचे आकडे ऐकत बसलं होतं तेव्हा, दुकान रिकामं असणार हे हेरून मी विसीच्या दुकानात गेलो. विसी म्हणजे विसितासियोन. तुझ्या वर्गातल्या पाकीताची धाकटी बहीण, जिनं एकदा शाळेत माझ्या डोक्यावर शाईची दौत उपडी केली होती तीच. तिचा नवरा जाऊन आता अकरा वर्षं झाली, दुकान एकटी चालवते आणि कुणाचं ऐकून घेत नाही.

मी म्हणालो, एक लाल द्या, पुरुषाची. ती म्हणाली, “कुणासाठी?” मी म्हणालो, मामेभावासाठी. “मामेभावाचं माप काय?” मी म्हणालो, साधारण माझंच. तिनं पुडी बांधली, माझ्या हातात दिली, आणि मी खिशात हात घालतोय तोच ती पुडी परत ओढून घेतली. म्हणाली, “इलारियो, स्वतःची स्वतः विकत घेतलीस तर वर्षभर पनवती लागेल. आण इकडे. आता ही मी तुला दिली. घे. आणि मामेभावाला सांग, पुढच्या वेळी खोटं बोलताना कान लाल होऊ देऊ नको.” ताई, सहा वर्षांत माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. माझ्यातल्या शहाण्या माणसानं तिथून मुकाट्यानं निघून जायला हवं होतं, पण तो त्या वेळी रेडिओ ऐकायला गेला असावा. मी तिथेच, साबणाच्या वड्या आणि खारवलेल्या माशांच्या पिंपाच्या मधे उभा राहून तिला विचारलं, माझ्याशी लग्न करशील का म्हणून.

ती हसली नाही. रागावलीही नाही. काउंटर पुसत म्हणाली, “लीप वर्ष आहे. लीप वर्षात मी नवा झाडूसुद्धा विकत घेत नाही. उत्तर पुढच्या वर्षी.” पुढच्या वर्षी कधी, मी विचारलं. (त्रेसष्टाव्या वर्षी माणूस ‘पुढच्या वर्षी’ या शब्दांना जरा बिचकतो.) ती म्हणाली, “बारावं द्राक्ष घशाखाली उतरलं की पुढचं वर्ष. चौकात, सगळ्यांसमोर सांगेन. होय तर होय, नाही तर नाही.” वर्षाअखेरीच्या बारा ठोक्यांना बारा द्राक्षं, दर ठोक्याला एक, म्हणजे बघ, माझ्या उरलेल्या आयुष्याचा निकाल बाराव्या ठोक्याला बांधलेला होता. नऊ दिवस मला धड झोप नाही की धड जेवण नाही.

आता घड्याळाचं. चर्चच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाला चावी द्यायचं काम माझं, हे तुला ठाऊक आहे. ते घड्याळ अठ्ठावीस डिसेंबरला सकाळी बंद पडलं. दुसरा कुठलाही दिवस चालला असता, पण त्यानं नेमका भोळ्यांचा दिवस, एकमेकांना बनवायचा दिवस निवडला! मी धापा टाकत लेओकादियाबाईंकडे गेलो आणि म्हणालो, बाई, घड्याळ बंद पडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हसल्या आणि म्हणाल्या, “इलारियो, मला बनवायला तुझा बापही आला असता तरी जमलं नसतं.” बाहेर पडलो तर पाठीवर कागदी बाहुला चिकटवलेला. कुणी चिकटवला कोण जाणे, पण मी तो पाठीवर घेऊन ‘घड्याळ खरंच बंद आहे हो’ असं घरोघर सांगत फिरलो, आणि घरोघर लोक पोट धरून हसले. एकोणतीसला रविवार. तीसला बाईंनी स्वतः मान वर करून पाहिलं, तर दोन दिवस तेच सव्वासात. तोवर शहरातला घड्याळजी सासुरवाडीला निघून गेला होता. सहा जानेवारीचा तीन राजांचा सण उलटल्याशिवाय येत नाही म्हणाला.

मग पंचायतीची बैठक भरली, म्हणजे बाई आणि मी, आणि ठरलं की ठोके मी हातानं द्यायचे. आमच्याकडे द्राक्षं दुपारी बाराला खातात हे तुला मी मागे कळवलं होतं. गावात हिवाळ्यात एक्केचाळीस माणसं, त्यातली तीस रात्री नऊला झोपतात, आणि मध्यरात्रीच्या थंडीत चौकात उभं राहण्याच्या हौसेपायी दोघं तर कायमची गेली. तेव्हापासून बाईंनी ठराव केला की बारा ते बाराच, ठोके दुपारी काही कमी पडत नाहीत. (हे त्यांचेच शब्द. इतिवृत्तात आहेत.)

मी सगळी तयारी चोख केली. दोरी तपासली, कप्पीला तेल घातलं. आदल्या संध्याकाळी घरी पातेल्यावर डाव वाजवून तालीम केली. आधी छोट्या घंटेचे पाव-तासाचे चार ठोके, जोडजोडीनं, मग जरा थांबून मोठ्या घंटेचे बारा, दोन ठोक्यांत तीन सेकंद. मोजणी चुकू नये म्हणून युक्ती काढली. बारा द्राक्षं मनोऱ्याच्या खिडकीत ओळीनं मांडायची, दर ठोक्याला एक खायचं. द्राक्षं संपली की ठोके संपले. गावाचंही होईल आणि माझंही. उजव्या हातात दोरी, डाव्या हातात द्राक्ष. (आणि आतून लाल. हेही नमूद करतो, म्हणजे तयारीत कुठे कसूर नव्हती हे तुला कळेल.)

एकतीसला दुपारी ऊन लख्ख पडलं होतं. वरून चौक असा दिसत होता की प्रत्येकाच्या हातातला पेला मोजता यावा. लेओकादियाबाई फरचा कोट घालून मधोमध. फादर उबाल्दो सहा गावांची प्रार्थना उरकून नुकतेच मोटारीतून उतरलेले. एक्क्याण्णव वर्षांचे सातुरियोआजोबा खुर्चीत, त्यांची द्राक्षं लेकीनं सोलून पेल्यात भरलेली. आणि विसी, दुकानाच्या पायरीवर, काळ्या शालीत. मी चार पाव ठोके दिले. सातुरियोआजोबांनी दर वर्षीप्रमाणे पाव ठोक्यांनाच खायला सुरुवात केली. चाळीस वर्षं लोक त्यांना ‘आजोबा, थांबा, हे ते नव्हेत’ म्हणून ओरडताहेत आणि चाळीस वर्षं ते ‘मला शिकवू नका’ म्हणून चावताहेत. मग मी मोठी घंटा सुरू केली. एक, दोन, तीन. गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं, पण ताल सुटला नाही. नऊ, दहा, अकरा. आणि अकराव्या ठोक्यानंतर कावळा आला. मनोऱ्यात राहणारा तो करड्या मानेचा कावळा. आला आणि खिडकीतलं माझं बारावं द्राक्ष उचलून गेला. मी पाहिलं, द्राक्षं संपलेली. माझ्या हिशेबानं द्राक्षं संपली म्हणजे ठोके संपले. मी दोरी सोडली.

ताई, त्यानंतरची ती शांतता तुला सांगून कळायची नाही. एक्केचाळीस माणसांचं गाव, मी वजा जाता चाळीस, आणि आजोबा सोडून प्रत्येकाच्या हातात एकेक द्राक्ष, ओठांपाशी नेलेलं. सगळ्यांच्या माना वर. कुणी खाईना, कुणी हात खाली घेईना. फादर उबाल्दोंचं तोंड उघडंच राहिलं होतं. आणि त्या शांततेत आजोबांचा आवाज आला, “माझी झाली! बाराच्या बारा! बघा, एवढ्या गावात वर्ष पुरं झालंय ते एकट्या माझं!” पाव ठोक्यांना चार आणि घंटेला आठ असा त्यांचा हिशेब चोख लागला होता. तेव्हापासून ते काठी आपटत गावभर फिरतात आणि भेटेल त्याला सांगतात की एक द्राक्ष म्हणजे एक महिना, तेव्हा डिसेंबर महिना यंदा फक्त त्यांच्या घरी येणार आहे.

खाली उतरलो तर चौकात लोकसभा भरलेली. कुणी म्हणे, अजून एक ठोका द्या आणि मोकळे व्हा. त्यावर लेओकादियाबाई कडाडल्या, “एक ठोका? एक ठोका दिला तर एक वाजेल! दळणापासून औषधापर्यंत सगळं गाव या घंटेवर चालतं, मी खोटी वेळ वाजू देणार नाही.” कुणी म्हणे, मग पुन्हा पहिल्यापासून बारा द्या. पण द्राक्षं कुठे होती? विसीच्या दुकानात एक घड शिल्लक नाही, आणि हातात उरलेल्या एकेका द्राक्षावर बारा ठोके कसे काढणार! काही उतावळ्यांनी ठोक्याविनाच गिळून टाकलं, आणि आता रात्री दचकून उठतात म्हणे. फादर उबाल्दोंनी समजावलं की वर्ष पंचांगानं बदलतं, द्राक्षानं नव्हे, आणि हे सांगता सांगता स्वतःचं द्राक्ष रुमालात गुंडाळून झग्याच्या खिशात जपून ठेवलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं. रात्री टीव्हीवर माद्रिदचे ठोके ऐकून खाऊन टाकू, असंही निघालं. तर आजोबा म्हणाले, “माद्रिदच्या ठोक्यावर माद्रिदचं वर्ष लागतं. तिथेच जाऊन राहा मग.”

आणि विसी? ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. बारावं द्राक्ष चिमटीत. म्हणाली, “माझं अजून जुनंच वर्ष चालू आहे, इलारियो. लीप.” आणि दुकानात निघून गेली. ते द्राक्ष तिनं एका छोट्या पेल्यात ठेवलंय, वजनकाट्याशेजारी, वर बशी झाकून. पाव घ्यायला येणारा प्रत्येक जण बशी उचलून बघतो, बशी ठेवतो आणि मग माझ्याकडे बघतो. द्राक्ष रोज थोडं थोडं सुरकुततंय. मीही.

एवढं सगळं त्या कावळ्यापायी झालं. यात माझा दोष किती आणि पाखराचा किती, ते तू न्यायानं ठरव. बाकी क्षेम. आईच्या कबरीवर फुलं ठेवली, तुझ्या वाटचीही ठेवली. थंडीत लोकरी मोजे घाल, देव मोज्यांना नाही म्हणत नाही.

तुझा आज्ञाधारक (मोजणी सोडून)
इलारियो

ता. क. लाडवांचा डबा रिकामा परत पाठवू नये म्हणतात, म्हणून त्यात आमच्या डोंगरातला मध ठेवला आहे. पुढच्या खेपेला जमलं तर बदामाचे जरा जास्त पाठव. अर्धे मी विसीला दिले होते, ती म्हणाली, बरे आहेत.

ता. क. २. पेत्राताई, पाकीट चिकटवायला घेतलं आणि परत उघडलं. कावळा आला नव्हता. बारावं द्राक्ष माझ्या जाकिटाच्या खिशात आहे. मोजणीही चुकली नव्हती. अकरावा ठोका दिला आणि मी खाली पाहिलं. विसीनं अकरावं द्राक्ष तोंडात घातलं, आणि तिचा चेहरा असा झाला की काय सांगू! डोळे मिटलेले, कपाळाला आठ्या, आणि मान नाही नाही अशी हलत होती. हातही वर केला होता, नको म्हणावं तसा. मला कळून चुकलं की उत्तर नाही आहे. आणखी एक ठोका, आणि ते सगळ्या गावासमोर माझ्या कानांनी ऐकावं लागणार. हातातून दोरी सुटली. सुटली म्हणजे मी सोडली. फादर उबाल्दोंकडे हे कबूल करता येत नाही, त्यांचं स्वतःचं द्राक्ष अडकलंय, ते तटस्थ नाहीत. ताई, मला एकट्यानं स्वयंपाकघरात रेडिओसमोर बसून द्राक्षं खायचा फार कंटाळा आलाय. पण ‘नाही’ ऐकण्यापेक्षा ‘अजून नाही’ बरं वाटतं. तेव्हा खरं मागणं हे, की तू तिला एक पत्र लिही. तू थोरली, वर नन, तुला ती उलट बोलणार नाही. आडून आडून विचार की बारावा पडला असता तर काय म्हणाली असतीस. आणि मला नुसतं एका ओळीनं कळव. गावाचं टपाल तिच्याच दुकानात जमा होतं, म्हणून हे पत्र मी फाट्यावर उभा राहून थेट टपालगाडीच्या ड्रायव्हरच्या हातात देणार आहे.

ता. क. ३. सिस्टर, नमस्कार. हे अक्षर वेगळं आहे हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तुमच्या भावानं पाकीट ड्रायव्हरला दिलं खरं, पण तिकीट लावलं नव्हतं. तिकिटं माझ्याकडे मिळतात, म्हणून ड्रायव्हर ते घेऊन माझ्याकडेच आला. पाकीट नीट चिकटलेलं नव्हतं. चिकटलेलं असतं तरी मी उघडलं असतं, तुमच्याशी खोटं कशाला बोलू! दोनदा वाचलं. तो चेहरा ‘नाही’चा नव्हता. ती बी होती. बिनबियांची द्राक्षं मी म्हाताऱ्यांना विकली आणि बियांची स्वतःला ठेवली, आणि अकराव्यातली बी आडवी गेली. जीव जायची वेळ आली होती, म्हणून मान हलवत होते. हात वर केला तो ‘जरा थांब’ म्हणून. तर हा माणूस कायमचाच थांबला! तीन दिवस मी दुकानात बसून विचार करतेय की याला माझं उत्तर नकोच असावं, विचारून पस्तावला असावा. तिसऱ्या रात्री रडलेही, हे त्याला कळवू नका. तुम्ही मला पत्र लिहायची गरज नाही. त्यापेक्षा मदर सुपिरियरना विचारून ठेवा, ईस्टरनंतर दोन दिवसांची रजा मिळेल का. लाडू बरे नव्हते, फार चांगले होते. त्याच्यासमोर एवढंच म्हणायचं असतं. मध काढून घेतलेला नाही, डबा सोबत आहे. आता दुकानाला कडी घालून, पेल्यातलं ते द्राक्ष घेऊन मनोऱ्यावर जाते. तो तिथेच असणार, तेल घालत. त्याला एकच ठोका द्यायला लावणार आहे. लेओकादिया ओरडेल, ओरडू दे. आत्ता सव्वाअकरा झालेत. गावाला वाटेल एक वाजला, आणि आज सगळे जेवायला लवकर बसतील.

विसितासियोन